माझ्या पात्याला धार लावली तेव्हा

मी एक जुनी गिलोटिन आहे. दचकू नका, मित्रांनो! फ्रान्सच्या राज्यक्रांतीत माणसांच्या माना उडवणारं यंत्र म्हणून तुम्ही माझं नाव ऐकलं असेल. पण मी त्यातली नव्हे. मी सिनेमासाठी बनले. माझे खांब हलक्या लाकडाचे, पातं पत्र्याचं आणि त्यावर चंदेरी रंगाचा हात. मला घडवणारा सुतार आन्सेल्म शेवटचा खिळा ठोकून सोबत्याला म्हणाला होता, "हिच्यानं काकडीसुद्धा चिरायची नाही बघ."

लोकांना हसवावं, रडवावं, घटकाभर रमवावं, एवढंच आपलं काम, असं मला वाटे. पण लोक कशात रमतात ते जवळून पाहिलं, आणि मला किळस आली.

पहिल्याच सिनेमात माझ्यावर लाल रंग घातलेला साखरेचा पाक ओतला. "अजून ओता!" दिग्दर्शक ओरडत होता. "मागच्या रांगेतल्याला पण रक्त दिसलं पाहिजे!" पाक माझ्या सांध्यांत शिरला. त्याला माश्या लागल्या, मग मुंग्या. तो कोणी पुसला नाही. पुढे तोच सिनेमा सेटवरच्या कामगारांना मोकळ्या मैदानात पडदा लावून दाखवला. मी तिथेच कोपऱ्यात उभी होते. पडद्यावर मुंडकं पडलं, तशा टाळ्या पडल्या. एकजण पिस्त्याची टरफलं थुंकत म्हणाला, "राणीचं मुंडकं काही खरं वाटलं नाही. परत पाडायला हवं होतं!"

नंतर एका प्रेमकथेच्या मुखपृष्ठासाठी माझा फोटो काढला. जिथे मान ठेवायची त्या खोबणीत गुलाबाचं फूल ठेवलं. फोटो काढणारी मुलगी हरखून गेली होती. "काय नाजूक दिसतंय!" ती म्हणाली. नाजूक? मला ते फूल ओकून टाकावंसं वाटलं. पण मी पडले लाकूड.

शेवटी मला रेमी ऑबर्ते नावाच्या गृहस्थाने विकत घेतलं आणि रुआं शहरात आणलं. तिथे त्याचं खेळघर होतं. पाच-सहा जणांना 'तुरुंगात' कोंडायचं, त्यांनी कोडी सोडवून बाहेर पडायचं. वेळ संपली की हरलेल्याने माझ्यात मान घालायची. रेमी न्यायाधीश व्हायचा, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप घालून. आणि ओदील, पन्नाशीची एक धिप्पाड बाई, काळा झगा घालून जल्लाद व्हायची. पत्र्याचं पातं मानेवर टेकायच्या आत लाकडी अडसरावर थांबे. सगळे किंचाळत, हसत, फोटो काढत.

माझ्या खोबणीची काय दशा झाली होती म्हणून सांगू! घाम, ओठांची लाली, लसूण घातलेल्या सॉसेजचे ढेकर. एकाने तर च्युइंग गम चिकटवून ठेवला होता. तेवढी ओदील मात्र खेळ संपला की ओल्या फडक्याने मला पुसून काढायची आणि पुटपुटायची, "डुकरं आहेत नुसती."

एके दिवशी रेमी हातातला फोन नाचवत आला. "वाचा, मादाम ओदील! लोक काय लिहितायत! 'पातं खोटं वाटतं. भीतीच वाटत नाही.'"

"मग? खोटंच आहे ते," ओदील म्हणाली.

"आता नसेल."

त्याने पत्रा आणि खालचा लाकडी अडसर काढून मला पोलादी पातं बसवलं. सहाणेवर धार लावून आणलेलं. मित्रांनो, ते माझ्या खांबांत सरकलं, तेव्हा अंगावर पाल पडावी तसं झालं मला. रेमीचा बेत असा होता, की आधी सगळ्यांसमोर खरबूज कापून दाखवायचं आणि मग हरलेल्याला झोपवायचं. पातं वर खुंटीला दोरीने बांधलेलं राहील, सोडायचं नाही.

"आणि दोरी सुटली तर?" ओदीलने विचारलं.

"सुटत नाही हो. तुम्ही पण ना!"

शनिवारी मायलीस नावाची एक मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाआधीची शेवटची धमाल करायला त्या निघाल्या होत्या. मैत्रिणींनी तिच्या डोक्याला कागदाचा मुकुट बांधला होता. कोडी काही सुटली नाहीत. वेळ संपली.

"नवरीला झोपवा! नवरीला!" मैत्रिणी ओरडू लागल्या.

रेमीने खोबणीत खरबूज ठेवलं आणि दोरी सोडली. खच्च! दोन फाकी झाल्या. बिया समोरच्या मुलींच्या बुटांवर उडाल्या.

"अगं बाई, हे खरं आहे!" एक मैत्रीण किंचाळली, आणि मग सगळ्या हसत सुटल्या. ज्या पात्याने आत्ता फळ चिरलं त्याखाली मैत्रिणीची मान जाणार होती, आणि यांना हसू येत होतं! रेमीने पातं वर ओढून दोरी पुन्हा खुंटीला गुंडाळली.

"ए, नको ना गं," मायलीस म्हणाली.

"भित्री भागूबाई! लग्नाला घाबरत नाहीस आणि ह्याला घाबरतेस?"

मायलीस गुडघ्यावर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात ओदीलने तिचं मनगट धरून तिला उभं केलं.

"मस्यू रेमी, आधी तुम्ही."

"म्हणजे?"

"दोरी सुटत नाही म्हणालात ना? मग घाला मान. पोरींना दिसू दे."

"मादाम ओदील, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशाचेच तर पैसे घेतो आपण. घाला."

सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हटल्यावर रेमीने उसनं हसू आणलं आणि माझ्या खोबणीत मान ठेवली. पहिल्यांदाच. त्याच्या मानेची शीर थडथड उडत होती, ती मला कळत होती.

पात्यावर खरबुजाचा गर होता. त्याचा एक गार, चिकट थेंब ओघळला आणि थेट त्याच्या मानेवर पडला.

रेमी केवढ्यानं ओरडला! धडपडत मागे सरकताना त्याचा टोप खोबणीत अडकला, कोपर खुंटीवर आदळलं आणि दोरी सुटली.

रेमी फरशीवर बसला होता. सारखी मान चाचपत होता. समोर टोपाचे दोन तुकडे पडले होते. या खेपेला कोणीच हसलं नाही. मायलीसने डोक्यावरचा कागदी मुकुट काढला आणि चुरगाळून टाकला. तिला हाका मारणाऱ्या मैत्रिणींकडे तिने वळूनही पाहिलं नाही. ओदीलला बिलगून ती कितीतरी वेळ रडत राहिली.

पोलादी पातं त्याच संध्याकाळी उतरलं. ते रेमीनेच उतरवलं. आता मला रबराचं पातं आहे. लोक येतात, "खोटं वाटतं" म्हणतात आणि तरीही मान घालून फोटो काढतात. त्यांच्या घामाची किळस मला अजून येते. पण घाम पुसता येतो.

मित्रांनो, क्रांतीच्या गोष्टी वाचा, सिनेमे बघा, खेळही खेळा. पण "खरं वाटत नाही" अशी तक्रार करण्याआधी जरा थांबा. खऱ्याखुऱ्या गिलोटिनखाली ज्यांनी मान ठेवली, त्यांना ती खोटीच हवी होती. आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ झटका, सांध्यांना तेल द्या, ओल लागू देऊ नका. धार मात्र लावू नका.