एका डोळ्याचा भाव

कपड्यांच्या मोठ्या दुकानामागे एक चिंचोळी खोली होती. तयार कपडा कुठे सैल, कुठे लांब झाला, की तो इथे गिऱ्हाइकाच्या अंगाबरोबर बसवून मिळायचा. एक मशीन, एक वाफेची इस्त्री आणि दोन्हींच्या मध्ये दिवसभर वाकलेली छत्तीस वर्षांची भिंगताई. तिला खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. चष्म्याचा नंबर उणे आठ! इस्त्री उचलली की काचांवर वाफ बसायची, ती कपडा धरून तशीच उभी राहायची आणि बाहेरचे विक्रेते ओरडायचे, "भिंगताई, वायपर बसवून घ्या!" तीही हसायची. आपणच हसलो की विषय लवकर संपतो, हे ती शाळेतच शिकली होती.

आई गेल्यापासून घरी ती एकटीच. रविवारी अख्खा दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. सोमवारी दुकानात पहिलं वाक्य बोलताना घसा खरखरायचा. एकटेपणाची सवय होते म्हणणारे बहुधा भरल्या घरात राहत असावेत. तिला काही ती सवय झाली नव्हती. तिने मनाशी पक्कं धरलं होतं, की सगळा दोष या चष्म्याचा. तो उतरला की लोक आपल्याकडे नीट बघतील, बघितलं की बोलतील, आणि मग पुढचं पुढे!

म्हणून सहा वर्षं पोटाला चिमटा काढून तिने लेझर शस्त्रक्रियेसाठी पन्नास हजार साठवले. मग तीन ठिकाणी फोन केले. प्रश्न एकच, "किती लागतील?" आणि आकडा कळला की घाईघाईने "बरं, थँक्यू." जास्त खोदून विचारलं तर समोरच्याला वाटायचं, बाई अगदीच फाटकी दिसते! एकाने सांगितले पन्नास, दुसऱ्याने पस्तीस, तिसऱ्याने अठरा, तेही फक्त या आठवड्यात. झाली तुलना! अठरा कुठे आणि पन्नास कुठे! उरलेल्या पैशांत तिने मनातल्या मनात एक सहलही ठरवून टाकली. कुणाबरोबर, एवढंच ठरलं नव्हतं.

अठरावाल्या केंद्रात ती त्याच संध्याकाळी जाऊन आली. चकचकीत फरशी, गोड बोलणारी मुलगी. यंत्रासमोर हनुवटी टेकवून दोन मिनिटांत नंबर पाहिला आणि मुलीने फॉर्म हातात दिला. "शनिवारी करून टाकू. उद्या दुपारी दोनपर्यंत पाच हजार आगाऊ भरा, नाहीतर हा भाव राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी भरलेला फॉर्म मशीनजवळ होता, पाच हजार पर्समध्ये. जेवणाच्या सुट्टीची ती वाट बघत होती, तेवढ्यात सिस्टर आल्या. भिंगताईच्याच इमारतीत एक मजला खाली राहणाऱ्या या निवृत्त परिचारिका. चार वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे दोघींची ओळख गेली नव्हती.

"हा कोट आत घेऊन दे गं. अंगात काही राहिलं नाही माझ्या."

भिंगताईने टाचण्या लावायला सुरुवात केली. उभ्या उभ्या सिस्टरांची नजर फॉर्मवर गेली. तीस वर्षं नेत्रविभागात काढलेली बाई, नजर जाणारच.

"लेझर करून घेतेयस? आणि हे काय? 'सोबत येणारी व्यक्ती', तिथे तू स्वतःचंच नाव लिहिलंयस!"

भिंगताई गोरीमोरी झाली. "रिकामं ठेवलेलं चालत नाही म्हणाले."

सिस्टरांनी फॉर्म उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "किती सांगितले?"

"अठरा."

"एका डोळ्याचे?"

"छे, दोन्हींचे!"

"विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय, मावशी? मी बाह्या लहान करते तर दोन्हींचे मिळूनच सांगते. एका बाहीचा भाव कोणता शिंपी सांगतो?"

"शिंपी नाही सांगत. लाव फोन."

तिने फोन लावला. पलीकडची मुलगी आजही तितकीच गोड होती. "हो मॅडम, एका डोळ्याचे. सगळीकडे असंच असतं." सिस्टर खुणेने एकेक प्रश्न पुरवत होत्या आणि भिंगताई खाकी कागदावर खडूने आकडे मांडत होती. दोन डोळ्यांचे छत्तीस, तपासण्यांचे चार, औषधांचे तीन, नंतरच्या फेऱ्यांचे पाच. एकूण अठ्ठेचाळीस! थोडा नंबर राहिलाच, तर पुन्हा करायचे पैसे आणखी वेगळे.

मग पन्नासवाल्यांना फोन. तिथे दोन्ही डोळे, औषधं, वर्षभराच्या फेऱ्या, गरज पडली तर दुसऱ्यांदा करणं, सगळं त्यातच होतं. आधी तपासणीचे तीन हजार भरायचे. शस्त्रक्रिया झाली तर तेही पन्नासात धरणार.

"अगं बाई! आणि मी यांना लुटारू म्हणत होते!"

"चप्पल घेताना आपण दहा प्रश्न विचारतो," सिस्टर म्हणाल्या, "आणि शरीराची गोष्ट आली की तोंडाला कुलूप! गरीब दिसू, अडाणी दिसू, हीच भीती. आपण अर्धंच विचारतो, म्हणून समोरचाही अर्धंच सांगतो. बरं, पैशाचं सोड. त्यांनी बुबुळाची जाडी मोजली?"

"जाडी?"

"लेझरने बुबुळाचा थर कमी करतात. कपडा सैल करण्याआधी तू शिवणीत माया म्हणून जादा कापड किती सोडलंय ते बघतेस ना? मग डोळ्यात बघायला नको? आणि एक सांगते. चाळिशी उलटली, की सुईत दोरा ओवायला तुला पुन्हा चष्मा लागण्याचा संभव आहेच. हे कुणी बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. भिंगताईने मान खाली घातली. "तपासणीला तरी बरोबर कोण येणार आहे माझ्या?"

"मी येते की. मला काय कचेरी गाठायचीय?"

दोन वाजून गेले. पाच हजार पर्समध्येच राहिले.

दोन दिवसांनी पन्नासवाल्या रुग्णालयात तासभर तपासण्या चालल्या. थेंबांनी नजर इतकी धूसर झाली, की डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सिस्टरांनी तिला कोपराला धरून नेलं.

"तुमचं बुबुळ पातळ आहे आणि नंबर मोठा," डॉक्टर म्हणाल्या. "मी लेझर करणार नाही. केलं तर पुढे बुबुळ कमकुवत होऊन नजर कायमची बिघडण्याची भीती आहे."

"दुसरीकडे करतील?"

"करणारा मिळेलही. मी नाही करणार."

बाहेरच्या बाकावर बसून भिंगताई ओक्साबोक्शी रडली. "सहा वर्षं, मावशी! पैशांचं नाही हो. चष्मा गेला की कुणीतरी माझ्याशी बोलेल, असं वाटलं होतं मला."

सिस्टर तिच्या शेजारी सरकून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझे डोळे अजून उत्तम आहेत. वाचायला चाळिशी लागते, तेवढीच. पण तुझ्या खोलीत कोट घेऊन आले ना, त्याआधी पाच दिवस मी कुणाशी बोलले नव्हते."

भिंगताईचं रडणं थांबलं. समोर अंधुक दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. चार वर्षं! एका मजल्याचं अंतर! आणि आपण मात्र कुणीतरी आपल्याशी बोलेल म्हणून वाट बघत बसलो!

तेवढ्यात पैसे भरायच्या खिडकीपाशी एका बापाने, कॉलेजातल्या लेकीला बाजूला उभं करून, दबक्या आवाजात विचारलं, "लेझरचे किती?" आकडा ऐकून "बरं" म्हणत तो माघारी वळला. भिंगताई ताडकन उठली. आपणहून अनोळखी माणसाशी ती जन्मात बोलली नव्हती.

"दादा, थांबा! एका डोळ्याचे की दोन्हींचे, विचारा. तपासणी, औषधं, नंतरच्या फेऱ्या, सगळं कागदावर लिहून मागा. आणि आधी पोरीचे डोळे नीट मोजून घ्या. विचारायला लाजू नका!"

मंडळी, तपासणीचे ते तीन हजार वाया गेले असं दुकानातले लोक आजही म्हणतात. म्हणोत बापडे! 'करू नका' असं प्रामाणिकपणे सांगणारा सल्ला त्या पैशांत मिळाला आणि दोन डोळे वाचले. जाहिरातीतला आकडा म्हणजे खर्च नव्हे. त्यात काय आहे, काय नाही, आणि ते आपल्याला मानवणारं आहे का, हे विचारणं हा आपला हक्क आहे. तो बजावताना लाजू नका. आणि शेजारच्या दारावर थाप मारून "येता का माझ्याबरोबर?" असं विचारताना तर मुळीच लाजू नका. त्या दाराआडही कुणीतरी तेवढ्याचीच वाट बघत असेल.