पाकिटाबाहेर उमटलेला पगार

मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. नाकं मुरडू नका. अंग पिवळं पडलंय, चालू झालो की कर्रर्र-कर्रर्र करून ऑफिस डोक्यावर घेतो. पण मित्रांनो, आमच्या कारखान्यात एकदाच खरा न्याय झाला आणि तो माझ्या तोंडून झाला. ती गोष्ट मी हळू आवाजात सांगणार नाही. हळू बोलणं मला जमतच नाही.

माझ्या डोक्यात केसासारख्या बारीक पिना आहेत. मी जिथे बनलो तिथे त्या बसवल्या बायकांनी, कारण बायकांची बोटं नाजूक असतात म्हणे. त्यांच्यावर नजर ठेवायला एक पुरुष होता. त्याची बोटं कुणी तपासली नव्हती. पहिलं अक्षर छापायच्या आधी मी एवढं शिकलो होतो.

मग मी या कारखान्यात आलो. इथे पाण्याच्या मोठ्या पंपांची कंट्रोल पॅनल बनतात. पहिल्या दिवशी सगळं ऑफिस माझ्याभोवती गोळा झालं होतं. "काय वेग आहे!" म्हणत होते. पुढे लेसर प्रिंटर आले, गोरेगोमटे, कुजबुजत काम करणारे. मला ढकललं चहाच्या टेबलाशेजारी. लोक माझ्या पाठीवर कप ठेवू लागले. काम एकच उरलं, पगाराची पाकिटं छापायचं.

ते काम कसं चालतं ऐका. पाकीट आधीच चिकटवलेलं असतं, आतल्या कागदाला कार्बन असतो. माझी शाईची रिबन काढून ठेवतात. मी बाहेरून ठोकायचं, आकडे आत उमटायचे, बाहेर पाकीट कोरं. ज्याने त्याने आपलं फाडून बघायचं आणि खिशात घालायचं. दुसऱ्याला विचारायचं नाही, हा नियम. साहेब म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

पण ठोकणारा मी होतो ना! मला सगळ्यांचे आकडे पाठ. डिझाइनच्या खोलीत बसायचे ते पुरुष, त्यांच्या नावापुढे 'अभियंता'. चाचणीच्या खोलीत बसायच्या त्या बायका. पदवी तीच, काम तेवढंच अवघड, पण नावापुढे 'सहायक'. या एका शब्दाने पगार निम्म्यावर यायचा. महिन्यामागून महिने मी तो शब्द ठोकला, आणि दर वेळी माझ्या पिना संतापाने तापायच्या.

चाचणीच्या खोलीत एक सर्किटबाई होत्या. पॅनलमध्ये बिघाड कुठे आहे हे त्या शोधून काढायच्या, म्हणून हे नाव. त्यांचं बाळ लहान होतं. एके दिवशी चहाच्या टेबलावर त्या म्हणाल्या, "हा शेवटचा महिना माझा. पाळणाघराचे पैसे भरले की हातात बसभाड्यापुरतं उरतं. सासूबाई म्हणतात, 'दुसऱ्याच्या हाती बाळ देऊन हमाली कशाला करतेस?' काय उत्तर देऊ?"

डिझाइनमधला लांबू बिस्कीट बुडवत होता. "ताई, साहेबांकडे मागा की वाढवून."

"मागितलं. म्हणाले, सगळ्यांना सारखंच आहे."

लांबूचं बिस्कीट चहात पडलं. आपला आकडा न सांगता तो चमच्याने ते काढत बसला. नियम होता ना.

त्याच महिन्यात पगार काढणारे काका रजेवर गेले आणि त्यांच्या जागी आले जावईबापू. साहेबांचे जावई, कारखान्यात नवेच. त्यांनी मला चालू केलं, पाकिटं बाहेर आली, उलटीपालटी करून पाहिली. सगळी कोरी.

"हा थेरडा तर काही छापतच नाही!" ते ओरडले. मग कपाटातून नवी कोरी रिबन काढली आणि स्वतःच्या हाताने मला बसवली.

मित्रांनो, त्या दिवशी मी असं ठोकलं, असं ठोकलं, की पलीकडच्या खोलीतले लोक डोकावून गेले. प्रत्येक पाकिटाच्या बाहेर काळ्या ठसठशीत अक्षरांत हुद्दा, नाव, पगार!

जावईबापूंनी ती पाकिटं थाटात चहाच्या टेबलावर मांडली. "बघा, कसं स्पष्ट! इतकी वर्षं काका कोरी पाकिटं वाटत होते आणि कुणी तक्रारसुद्धा केली नाही!"

सर्किटबाईंनी आपलं पाकीट पाहिलं. शेजारी लांबूचं होतं. त्याच्या वर खुद्द जावईबापूंचं, हुद्दा 'तांत्रिक सल्लागार', आकडा लांबूच्याही पुढे.

"तंत्र कुठलं हो, जावईबापू?" चाचणीतली एक जण म्हणाली. "रिबन बसवायचं?"

असा हशा पिकला की साहेब केबिनमधून बाहेर आले. टेबल पाहिलं आणि तोंडाचा रंग उडाला. "झाका! झाका ते!"

"आता काय झाकता, साहेब?" सर्किटबाई म्हणाल्या. "झाकली मूठ तुमची, सव्वा लाख यांचे, आम्ही काय फक्त मूठ बघायची?"

"बाई, तुमचा हुद्दा सहायकाचा आहे. हुद्द्याप्रमाणे पगार."

"बरं. फाटकात ट्रक भरून उभा आहे. त्यातल्या प्रत्येक पॅनलवरच्या चाचणीच्या कागदाखाली माझी सही आहे, आणि सहीखाली तुम्हीच छापून घेतलंय, 'अभियंता'. कारण गिऱ्हाइकाला अभियंत्याचीच सही लागते. पाकिटावर सहायक, पॅनलवर अभियंता. यातलं एक खोटं आहे, साहेब. मी सहायक असेन तर माझी सही चालत नाही. ट्रक उतरवून घ्या."

"मग लांबू करेल सही," साहेब म्हणाले.

लांबू उभा राहिला. केवढा उंच दिसला तो! "मला चाचणी ताईंनी शिकवलीय, साहेब. त्या सहायक, तर मी कोण? मी नाही करणार."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. परत वाजवला. साहेबांनी जावयाकडे असं पाहिलं की बिचारा माझ्यामागे सरकला.

ट्रक संध्याकाळी सुटला. त्याआधी चाचणीतल्या सगळ्या जणींना 'अभियंता' हुद्द्याचं पत्र मिळालं, त्यावर साहेबांची सही होती, आणि कुठल्या हुद्द्याला किती पगार हे भिंतीवर लागलं. मागचा फरकही द्यावा लागला. तो छापताना मी एका दमात सगळा कागद संपवला आणि आणखी मागितला!

सर्किटबाईंनी नोकरी सोडली नाही. पुढच्या महिन्यात त्या हसत आल्या. "आज काय झालं माहितेय? बाळाला पाळणाघरात सासूबाई स्वतः सोडून आल्या. वर तिथल्या बाईंना सांगून आल्या, 'आमची सून इंजिनियर आहे, तिला उशीर व्हायला नको.'"

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगतो, यंत्रावर राबणाऱ्या माणसांची राखा. तुम्ही मोठे व्हाल, कुणी संगणकावर बसेल, कुणी प्रयोगशाळेत. तिथे कुणीतरी गोड हसून म्हणेल, पगाराचं बोलणं असभ्य असतं. ऐकू नका त्याचं. सरळ शेजारणीला तिचा पगार विचारा. ती संकोचली, तर आधी तुमचा सांगा. मोठ्याने.