माझ्या नळीत अडकलेला अक्षतेचा दाणा

मी एका जुन्या मोटारसायकलची पुढची उजवी टांग आहे. गॅरेजवाले मला फोर्क म्हणतात, म्हणोत बापडे. चाक डावीकडून माझी बहीण धरते, उजवीकडून मी. खड्डा आला की आम्ही दोघी वाकतो आणि वरच्या माणसाला कळूही देत नाही. मित्रांनो, आताच्या नाजूक गाड्यांना हे सांगून उपयोग नाही.

कोंडाजींनी आम्हाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आम्हाला पुसल्याशिवाय ते कामावर निघत नसत. सुट्टीला मागे त्यांची बायको गोजरबाई बसायची, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. कोंडाजी गेले आणि आमचे दिवस फिरले. आम्ही राहतो त्या मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं, माझ्या पोटात गाळ गेला. पुढे तर गाडीवर ओली फडकी वाळत पडायची. मला बोलता येत नाही, नाहीतर एकेकाला ऐकवलं असतं.

यंदा त्यांच्या मुलाने, कैलासने, मनावर घेतलं. दसऱ्याला आईला याच गाडीवरून अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायचं. पण गोजरबाईंच्या खुब्यात सळई आहे. पुन्हा पडल्या तर उठतीलच असं नाही. म्हणूनच मला धास्ती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने मोबाईलवर बघत बघत आम्हाला ओट्यावर खोललं. टोपण, स्प्रिंग, वायसर, तेल अडवणारं रबरी सील आणि आतली भोकांची नळी. त्या भोकांतून तेल ये-जा करतं, म्हणून मी दमाने वाकते. हा शहाणा तिला पंप समजत होता. त्यात माझे आणि बहिणीचे भाग एकाच परातीत. माझा जीव टांगणीला लागला. सील आणायला तो उल्हासनगरला गेला, तर दुकानातला सिंधी शेठ जुनं सील बघून हसला, असं त्यानेच येऊन आईला सांगितलं. "साईं, ये गाडी अब भी चलती है?" नवं सील मात्र मापाचं दिलं. मेल्याने हसायला नको होतं.

खंडेनवमीला गोजरबाईंनी पाना-पक्कड मांडली आणि शेजारी आमची परातही ठेवली. हळद, फूल, ओल्या कुंकवाच्या अक्षता. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. परात तशीच राहिली. एक दाणा माझ्या नळीच्या भोकात जाऊन बसला आणि वाळून चिकटला. जोडताना तरी कुणी बघेल, या आशेवर मी होते.

दसऱ्याला सकाळी कैलासने घाईघाईत फडकं फिरवलं आणि सगळं जोडलं. गाडी दाबून पाहिली. बहीण वाकायला गेली, मी अडले.

"सील नवं आहे, बसेल हळूहळू," तो म्हणाला.

गोजरबाई मागे बसल्या. पुढे मोठा रस्ता, तिथे खड्डे आणि डंपर. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. मला वाकता येईना, हँडलला हिसका बसला, गाडी कलली. कैलासने कसाबसा पाय टेकवला.

गोजरबाई खाली उतरल्या. "तुझ्या बापाने मला असं कधी उडवलं नाही. खोल ते."

"आई, आरती चुकेल."

"मग दवाखान्यात ऐकवणार आहेस का आरती?"

ओट्यावर पुन्हा सगळं खोललं. नळीत काडी घातली तसा लाल तांदूळ बाहेर पडला. कैलास आईकडे बघत राहिला. अक्षता कुणी वाहिल्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"देवाला वाहिल्या होत्या," गोजरबाई म्हणाल्या, "गाडीला गिळायला नव्हे. डोळे उघडे ठेवून जोडावं माणसाने."

मग त्यांनीच पदराने एकेक भाग पुसला, प्रत्येक भोकात फुंकर मारली. तेवढीच त्यांची माफी.

दुपारी निघालो. त्यांनी लेकाचा खांदा घट्ट धरला होता. गतिरोधकावर आम्ही बहिणी एकदम वाकलो, एकदम उठलो. पुढे कुठेतरी तो हात सैल झाला.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, मान कुणाला नको असतो? पण जुनं काही खोललंत तर जोडण्याआधी उजेडात धरून आरपार बघा. पोटात काय अडकलंय हे आम्हाला सांगता येत नाही, आणि पुढचा खड्डा कुणासाठी थांबत नाही.