मेंदूचा कौल

उत्रोलीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याआड बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वायरींचा टोप चढवायचा, की बाहेर उजवा हिरवा नाहीतर डावा लाल दिवा लागे. उजवा कौल, डावा कौल ऐकत वाढलेल्या गावाला आणखी काय हवं? पडद्याबाहेर गादीवर बसून मेंदूमहाराज गरजत होते, “विज्ञान अन् अध्यात्म एकाच टोपात! आमिग्डालादेवी कोपली की स्वभाव नासतो!”

आत अश्विनी होती, मार्गासनीची लेक, इथली सून. लाल दिवा लागला.

“म्या म्हनत न्हवते?” नातवाला कडेवर घेतलेली सासू सगुणाबाई ओरडली. “सारखी रडती, भांडती.”

“व्यक्तिमत्त्व विकार, वर्ग दुसरा!” महाराजांनी निकाल दिला. “जन्मभर बरा होत नाही. माहेरी धाडा. पोर हिच्यापासून लांब ठेवा.”

गर्दीत उभ्या असलेल्या माझं डोकं फिरलं. भोरला मी मनोविकारांची डॉक्टर. एका माणसाचा स्वभाव समजायला मला कितीतरी भेटी लागतात, आणि हा भोंदू एका दिव्यावर आईपासून मूल तोडत होता!

“गेनबा, देवाचा कौल एकदाच लावता का?” मी गुरवाला विचारलं.

“न्हाई. शंका असली तर परत लावतो.”

“मग लावा.”

मागच्या बाजूने सगुणाबाईंना पडद्याआड नेऊन मी हळूच म्हटलं, “आत तुम्ही बसा. तुमचा हिरवाच लागेल ना?”

“लागंलच! दावतेच तुमाला.” नातू अश्विनीकडे देऊन त्या टोपाखाली बसल्या.

महाराजांना वाटलं, आत सूनच आहे. लाल दिवा. “तोच विकार! पोर लांब ठेवा!”

मी पडदा ओढला. सगुणाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

“यंत्र तापलंय,” महाराज चाचरले. गेनबाने गादीची कड उचलली. महाराजांच्या गुडघ्याखाली दोन बटणं. मी टोप देवळातल्या नगाऱ्यावर ठेवून डावं बटण दाबलं. लाल दिवा! नगाऱ्याचाही स्वभाव नासला.

“ऐका,” मी ओरडलेच. “आमिग्डाला देवी नाही, भीतीच्या वेळी जागा होणारा मेंदूचा भाग आहे. मेंदूचं कुठलंच चित्र बघून एका माणसाला व्यक्तिमत्त्व विकार ठरवता येत नाही. वर्षानुवर्षांचं वागणं बोलून, ऐकून समजून घ्यावं लागतं. हल्ली आम्हीसुद्धा वर्गाचं नाव देण्याआधी त्रास किती खोल आहे ते बघतो. अश्विनीला विकार आहे की नाही, मला अजून माहीत नाही. असला तरी उपचाराने माणसं सुधारतात. ती का रडते, हे तुमच्यातल्या एकाने तरी विचारलंत?”

सगुणाबाईंनी नातवासाठी हात पुढे केले आणि मध्येच थांबवले.

“का रडतीस गं?” त्यांनी विचारलं.

अश्विनीने पोराला घट्ट धरलं आणि पहिल्यांदा सांगायला तोंड उघडलं. दिव्याकडे पाहू नका. माणसाला विचारा.