दोन नावांची टपालपेटी

मित्रांनो, उत्तर जर्मनीतल्या कील शहरात, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून गेलेली एक टपालपेटी मी. पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका भाड्याच्या घराच्या दाराशी मला ठोकण्यात आले. या देशात पेटीवर नाव नसेल तर टपाल पोहोचत नाही, त्यामुळे आमचा तोरा काही और असतो.

माझ्यावर गौरांग आणि सुरुची या पुण्याच्या जोडप्याचे नाव होते. गौरांग इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. सुरुची मला दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायची. गल्लीत हीच पेटी चकचकीत, असे पोस्टमनही म्हणायचा. मी सुखात होते.

२०१४ साली गौरांगने माझ्यावर दुसरी पट्टी चिकटवली, 'टिपणीस'. चारुदत्त टिपणीस हा त्याचा मित्र. तो बायको संध्या आणि लहानग्या मैथिलीला घेऊन कील सोडून स्टुटगार्टला, गाड्यांच्या कंपनीत निघाला होता. मग इथे नाव कशाला? दोघे माझ्याशेजारी उभे राहून बोलले तेव्हा उलगडा झाला. चारुदत्तला फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावायचा नाद होता. आमच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने बाकीच्या राज्यांपेक्षा वेगळा कायदा करून पैजा घेणाऱ्या कंपन्यांना परवाने दिले होते. तो जिच्याकडे पैजा लावी ती कंपनी या राज्यात राहणाऱ्यांचीच पैज घेई.

"तिकडे सगळं धूसर आहे रे, इथे रीतसर आहे," चारुदत्त म्हणाला. "आल्झो, तर मग आमची आनमेल्डुंग तुझ्या पत्त्यावर राहू दे."

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. रस्ता रिकामा असला तरी लाल दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारा हा माणूस! पैज कायदेशीर राहावी म्हणून तो स्वतःचा पत्ताच खोटा ठेवायला निघाला होता. गौरांगला मित्राचा शब्द मोडवेना. त्याने मान खाली घालून पट्टी चिकटवली आणि सुरुचीला एवढेच सांगितले की त्यांचे टपाल काही दिवस इथे येईल, हे तात्पुरते आहे.

पुढे सुरुचीच्या बोलण्यातून मला संध्याची हकीकत कळत गेली. स्टुटगार्टच्या एका कंपनीने तिला मनासारखी नोकरी देऊ केली होती. मैथिलीला किटात, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जागा मिळाली की ती रुजू होणार होती. अर्जाचे चारुदत्त बघत होता. रांग मोठी आहे, एवढेच तो दर वेळी सांगे. नवी नोंद झाल्याचेही त्याने तिला खुशाल सांगून टाकले होते. हे ऐकूनही नोंद इथेच असल्याचे गौरांग तिला सांगत नसे. हळूहळू तो माझ्याकडे न बघताच टपाल काढू लागला. सुरुचीही कामाला लागली, मला पुसणे मागे पडले आणि गंज चढू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात टिपणीस कुटुंब पाहुणे म्हणून आले. मैथिलीला आईने नुकतीच अक्षरे शिकवली होती. ती टाचा उंचावून माझ्यावरची पट्टी वाचू लागली.

"मामा, हिअर श्टेट उन्झर नामे," ती जर्मनमध्ये आईला म्हणाली.

म्हणजे, आई, इथे आपले नाव लिहिले आहे! संध्याने पट्टी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिले. चारुदत्तने मैथिलीला माझ्यापासून बाजूला ओढले. शेवटी गौरांगच बोलला.

"वहिनी, तुमची आनमेल्डुंग अजून इथेच आहे. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"मग किटाचा अर्ज, चारू?"

"दिलाच नाही. त्यांनी आधी तिथली नोंद मागितली असती."

संध्या हळू आवाजात म्हणाली, "मैथिलीला ठेवायला कुणी नाही म्हणून परवाच मी त्या नोकरीला नकार कळवला."

मग तिने नखाने ती पट्टी खरवडून काढली. माझा पत्रा शहारला. तिचे वर्ष वाया घालवणारे नाव इतके दिवस मी मिरवत होते.

चारुदत्तने पैजांचे खाते बंद केले आणि स्टुटगार्टला नोंद केली. मैथिलीला जागाही मिळाली. पण तोवर संध्याच्या खुर्चीवर दुसरे कोणीतरी बसले होते. गौरांग अजूनही माझ्यासमोर आला की घुटमळतो. त्याला काय वाटते ते मला कळते, कारण मलाही तेच वाटते.

मित्रांनो, जिवलगाने गळ घातली तरी खोट्या कामाला वेळीच नाही म्हणा. आम्हा पेट्यांना तोंड असूनही ते म्हणता येत नाही. तुम्हाला येते.