खाली

टक्.

डबीचं झाकण लागल्याचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा – टक्.

हेमालीच्या हातातली गवारीची शेंग हातातच राहिली. शुक्रवार होता म्हणून ऐकू तरी आलं. बाकीचे सहा दिवस तळमजल्यावरचे कापडाचे लूम फरशीतून, भिंतीतून, मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांतून खडखडत असतात, आणि नारपोलीत सहा वर्षं काढल्यावर त्या खडखडाटाला कुणी आवाज म्हणत नाही, तो हवेसारखाच होऊन जातो... शुक्रवारी लूम बंद असले की मात्र घर एकदम उघडं पडल्यासारखं होतं आणि बारीकसारीक वस्तूंना कंठ फुटतो.

"क्षिती, काय आहे गं तुझ्या हातात?"

"काही नाही," पलंगाखालून उत्तर आलं. टक्.

साडेचार वर्षांच्या क्षितिजाचं तिथे घर आहे. बालवाडीतून आली की दप्तर दारात, चपला दोन दिशांना आणि बाईसाहेब पलंगाखाली. पलंग लोखंडी, लग्नातला. चार विटांवर उचललेला, कारण लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात गॅलरीतून पाणी आत आलं तेव्हा मनोजने सगळे पाय विटांवर चढवले होते. त्यामुळे खाली भरपूर उंची. क्षिती तिथे बसूनसुद्धा राहू शकते, मान जरा वाकवली की झालं.

"मला दाखव बघू."

एक छोटी मूठ बाहेर आली, उघडली. ॲल्युमिनियमची चपटी डबी. आजीची, म्हणजे हेमालीच्या आईची, चुन्याची. संक्रांतीला आली होती, विसरून गेली असणार.

हेमालीने ती घेतली – पोर तोंडात घालायची – आणि झाकण उघडून पाहिलं. चुना वाळून खडखडीत झाला होता. त्याच्या मधोमध नखाने ओढलेली एक खोल रेघ. आईच्या अंगठ्याचं नख, जाड, पिवळट, कडेला जरा तुटलेलं. त्या नखाची रेघ जशीच्या तशी...

मोबाइल वाजला. यादव सुताराचा मेसेज.

'भाभी, कौन सा फाइनल? कल प्लाय कटेगा.'

आणि त्याच्या वर तेच, रविवारी पाठवलेले नव्या पलंगाचे फोटो. हायड्रोलिक. ड्रॉवरवाला. पेटीवाला. आणि सगळ्यांत शेवटी, न मागता पाठवलेला तो चौथा.

तर, विचार केला तर साधी गोष्ट आहे. खोली दहा बाय दहा, पलीकडे स्वयंपाकघर, बाहेर गॅलरी. सामान वाढत चाललंय. क्षितीचे लहान झालेले कपडे, पाहुण्यांच्या गोधड्या, टेबलफॅन, गणपतीचं मखर, मिक्सरचा खोका – वॉरंटी संपली तरी मनोज खोका टाकू देत नाही. मनोज माणकोलीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. तिथे छतापर्यंत रॅक आहेत, आणि तो घरी येऊनही रॅकच्याच नजरेने बघतो. पलंगाखाली बघितलं की म्हणतो, "केवढी डेड स्पेस आहे बघ ही. आमच्याकडे एवढी जागा सोडली तर साहेब मलाच तिथे रचून ठेवतील."

हायड्रोलिकमध्ये एका हाताने गादीसकट अख्खा पलंग वर उचलला जातो, सगळी जागा एकदम मिळते. पण आतली वस्तू हवी असली की वरचं झोपलेलं माणूस उठवायला हवं, आणि क्षिती दुपारी दोन तास झोपते. शिवाय दांड्यांतला गॅस गेला की झाकण पडतं – यादव म्हणाला नाही पडत, पण म्हणताना त्याने हात जरा आखडून घेतला होता. पेटीवाला सगळ्यांत स्वस्त. गादी गुंडाळायची, फळी उचलायची, आत वाकायचं. ते दहा वर्षांनी कंबर करेल का? ड्रॉवरवाल्याला बाजूने चार ड्रॉवर, पण आपली एक बाजू भिंतीला, म्हणजे दोनच उघडणार. उघडले की दोन फूट बाहेर, कपाटाचं दार अडणार. तरी तिला तोच आवडला होता. खरं सांगायचं तर एक ड्रॉवर तिने मनात घेऊनही टाकला होता. उजवीकडचा, उशाशी असेल तो. त्यात काय ठेवायचं ते ठरलं नव्हतं. काहीच नसतं ठेवलं कदाचित. या घरात माझी म्हणून ओढता येईल अशी एक गोष्ट, एवढंच.

आणि रविवारी दुकानात हे असं झालं.

कल्याण नाक्याच्या पुढे यादवचा कारखाना आणि दुकान एकच. लाकडाचा भुसा चहाच्या कपातसुद्धा. मनोज फोनवर गोडाऊनच्या कुणाशी तरी बोलत होता, क्षिती भुशात बोटाने रेघोट्या ओढत होती. यादव वहीत मापं घेत होता. "कमरा दस बाय दस. खिडकी इस तरफ. पुराने पलंग के नीचे अभी क्या रहता है, भाभी?"

हेमाली बोलायला लागली. मराठीतच, कारण मनात वाक्य मराठीत होतं. "खाली..."

खाली आई झोपते, आली की. असं ते वाक्य होतं. पण मनोजने नेमका तेव्हा फोन खिशात टाकला आणि वर पाहिलं, आणि वाक्य पहिल्याच शब्दावर थांबलं.

"खाली है," यादव मान हलवत म्हणाला. "फिर तो सोचना ही क्या. खाली जगह किस काम की." आणि त्याने लिहिलंसुद्धा. कानावरची पेन्सिल काढून, नीट, मोठ्या अक्षरांत: नीचे – खाली.

मनोज हसला. "हेच मी सांगतोय हिला वर्षभर."

हेमालीही हसली.

आज पाच दिवस झाले, तिला ते हसणं आठवतंय. लाज वाटली म्हणून गप्प बसले, असं ती स्वतःला सांगत आली. परक्या माणसासमोर आपली आई पलंगाखाली झोपते हे कसं सांगायचं. लोक काय म्हणतील, म्हातारीला फरशीवर ढकलते. पण आज या डबीतली रेघ बघताना तिला स्वच्छ दिसलं की लाज नव्हती ती. सुटल्यासारखं वाटलं होतं. आपण खरं तेच बोललो, अगदी एकच शब्द, आणि त्याचा त्याने जो अर्थ घेतला तो आपल्या सोयीचा निघाला... खोटं तर बोलले नाही ना मी?

बुधवारी अकलोलीहून, भावाच्या घरून, आईचा फोन आला होता.

"हेमे, काय करतंय गो?"

"भांडी. बोल ना आई."

"काय न्हाय. कुमार वरती माडी बांधतंय. सगला सिमेट, सगल्या सळ्या माझ्याच खोलीत. मी ओटीवर पडते आता." मग, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी, "चार म्हयने तरी जातील म्हणं. म्हणून म्हटला, तुझ्याकडं येऊ का? क्षितीला पन बघता येल."

"ये की. त्यात विचारायचं काय?"

"मनोजला इचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं त्यात."

"मना जागा न्हाय लागत गो बाय. पलंगाखाली पडन."

फोन ठेवला आणि ती भांडी घासत राहिली. मनोज रात्रपाळी करून आला, जेवला, झोपला. गुरुवारी मुलीला मांडीवर घेऊन कार्टून बघत बसला. सांगायला वेळ नव्हता असं नाही. सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला नसता. तो कधीच नाही म्हणत नाही. "येऊ देत की. काहीतरी करू," असं म्हणाला असता, आणि ते 'काहीतरी' हळूहळू तिच्याच अंगावर येऊन पडलं असतं. चार महिने. सकाळी एका बाथरूमला चार माणसं. आईची तंबाखू, मनोजला चालत नाही ती. आईचं सगळ्यांदेखत "न्हाय" आणि "म्हणं", आणि क्षितीने ते उचलणं, आणि बालवाडीच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवणं. आणि तो उजवीकडचा ड्रॉवर.

मुलीने आईबद्दल असा हिशेब करावा का? पण करतेच आहे ना मी.

"मम्मी, डबी दे."

"चुना आहे त्यात. भाजतं तोंड."

"मी खाणार नाही. मी आजी आहे. आजीला लागते."

पलंगाखालून टॉवेल ओढल्याचा, मग अंग टेकल्याचा आवाज. क्षिती आजीसारखी पडली असणार, एका कुशीवर, हात डोक्याखाली. आई पलंगावर कधीच झोपली नाही. मनोज दर वेळी गादी झटकायचा, म्हणायचा, "आई, तुम्ही वर झोपा, मी गॅलरीत पडतो." आणि ती, "नको रं, वरती पंखा लागतो अंगाला. मना खालीच बरा." क्षितीच्या वेळी तर चाळीस दिवस. टाके होते, हेमालीला उठवत नव्हतं. लूमवाल्यांकडून आणलेली कापडाची किनार होती – ताग्याच्या कडेची कापून टाकलेली पट्टी, वाटेल तेवढी मिळते – तिचं एक टोक आईने पलंगाच्या कडेच्या पट्टीवरून वर हेमालीच्या हाताशी सोडलं होतं आणि दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं. बाळ रडलं की ओढायचं. हाक मारायची नाही, मनोजची झोप मोडते. ओढलं की खालून एक हात वर यायचा, बाळाला घ्यायला. फक्त हात. अंधारात हेमालीला वाटायचं, पलंगालाच हात फुटलाय.

ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की आपण उठलोय, गवारीची ताटली बाजूला ठेवलीय आणि पलंगापाशी गुडघ्यांवर बसलोय.

"सरक जरा."

"तू कशाला येतेस?"

"माप घ्यायचंय."

हे तसं खरंच होतं. यादवने जुन्या पलंगाखालची उंची विचारली होती, आणि अजून ती सांगायची राहिली होती. तिने टेप आणलाच नाही. फरशीवर आडवी झाली आणि आत सरकली. आत वाटलं होतं त्यापेक्षा गार होतं. डोक्यावर गंजलेल्या पट्ट्या, त्यांच्यामधून गादीचा निळा फुगवटा. आणि कडेच्या पट्टीत ती किनार, अजून अडकलेली, खाली सुटलेलं टोक मळून काळं झालेलं. सहा महिन्यांनी घर झाडताना तिने ती कापायची ठरवली होती, मग राहून गेली.

कुशीवर वळली तर खांदा खाली झुकलेल्या पट्टीला घासला. आईचाही घासत असणार. आई बोलली नाही कधी.

इथून घर वेगळंच दिसत होतं. म्हणजे वरचं काहीच दिसत नव्हतं. स्वयंपाकघराचा उंबरा, गॅसच्या सिलिंडरची कड, दार, दाराबाहेरच्या चपला. आलं-गेलं माणूस पायांवरून ओळखायचं. म्हणूनच आई सकाळी उठल्या-उठल्या, अजून तोंड न बघता म्हणायची, "पाय सुजलंत तुझं. मीठ कमी खा." हेमालीला राग यायचा, हिला कसं कळतं सगळं. कळणारच. चाळीस दिवस तिने या घरात माझे पायच बघितले. मनोजचे बघितले असतील, शिफ्टवरून आल्यावर कुणावर रागावून आपटलेले, कधी बाळ झोपलंय म्हणून चवड्यांवर टाकलेले. ही जागा रिकामी नव्हती. या घरात सगळ्यांत जास्त कुणाला दिसत असेल, तर इथूनच दिसत होतं.

वर, गादीवर, मोबाइल पुन्हा वाजला. यादव असेल, नाहीतर मनोज. 'ड्रॉवरवाला सांगून टाक,' असं त्याने सकाळी जातानाही म्हटलं होतं. तो चौथा फोटो तिला आठवला, ज्याकडे दोघांनीही बघून न बघितल्यासारखं केलं होतं: पलंगाच्या पोटातून चाकांवर ओढून काढायचा दुसरा पलंग, पातळ गादीचा. यादव म्हणाला होता, मेहमान के लिए अच्छा है, मगर फिर सामान का भूल जाओ. चौथा हवा, असं एक वाक्य लिहायचं आहे. ते लिहिलं की मनोजला सांगावं लागेल. सांगितलं की आई येणार. आई आली की... तिने तो विचार इथवर आणला, आणि पहिल्यांदाच पुढे न ढकलता तसाच ठेवला. मला नकोय, असंही त्यात होतं. आणि तो हात वर यावा, असंही होतं. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना न सरकवता. या पलंगाखाली दोघी मावतात तशी.

क्षितीने किनारीचं टोक पकडलं आणि हलकेच ओढलं. वरती काहीच हललं नाही.

"मम्मी, हे कशाचं आहे?"

"आजीचं."

क्षिती विचार करत राहिली. मग ती आजीसारखीच कुशीवर वळली, तोंड अगदी हेमालीच्या तोंडाजवळ आणून.

"मी मोठी झाले ना, की माझं पण घर असेल. मग तू माझ्याकडे येशील. तेव्हा तू कुठे झोपशील?"

हेमालीने तोंड उघडलं. तोच शब्द जिभेवर आला, आणि तो कुठल्या भाषेतला, ते तिचं तिलाच कळेना.