रिकामी सीट, चालू इंजिन

"सुरक्षितता हा मानवी संस्कृतीचा कणा आहे!" असं साहेबांनी मागच्या दारात उभं राहून जाहीर केलं, आणि हातातल्या पान्यानं ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरचं कव्हर काढून भिंतीकडे भिरकावलं. ते खडखडत होतं. बोलण्यात व्यत्यय येत होता.

साहेब म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यातले निवृत्त सुरक्षा अधिकारी. उभी हयात त्यांनी लोकांच्या हातांची बोटं मोजून सकाळी आत घेतली आणि मोजून संध्याकाळी बाहेर सोडली. आता फक्त स्वतःची सांभाळायची होती. पण निवृत्तीनंतर इतकं बारीक लक्ष कोण देतं?

घरामागच्या जागेत काटेरी झुडपं माजून पार स्वयंपाकघराच्या दाराला भिडली होती. लेक दुसऱ्या दिवशी येणार होती, नुकत्याच चालायला लागलेल्या नातीला घेऊन. नात दार दिसलं की बाहेर धावते, असं फोनवर कौतुकानं कळवण्यात आलं होतं. म्हणून धाकट्या भावानं आपला ट्रॅक्टर आणला. मागे झुडपं कापायचं यंत्र. इंजिनाची ताकद त्या दांड्यातून यंत्राला जायची, आणि कव्हर गेल्यामुळे दांडा आता उघडा होता.

"दादा, एकच सांगतो," धाकटा म्हणाला, "काही झालं तरी इंजिन बंद करू नकोस. बॅटरीनं मान टाकलीय. बंद पडला तर धक्का मारायला सगळी गल्ली गोळा करावी लागेल."

"आणि बंद करायचीच वेळ आली तर?" साहेबांच्या पत्नीनं विचारलं. आपण त्यांना वहिनीच म्हणू, सगळे म्हणतात.

"ही सीटजवळची काळी मूठ ओढायची. पण ओढू नका हं, वहिनी!"

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "अहो, जागा आधी पायी फिरून बघितलीत का?"

"रोज बघतो की. खिडकीतून."

वहिनी मात्र सकाळीच काठी घेऊन फिरून आल्या होत्या. जिथे दगड, मोडकी खुर्ची, गंजकी तार दिसली तिथे तिथे त्यांनी जुन्या पडद्याच्या लाल चिंध्या बांधल्या होत्या. साहेबांनी त्या पाहिल्या. "हे काय? झुडपांचा वाढदिवस आहे?"

"तिथे तार आहे."

"अगं, कापायचंच यंत्र आहे ते."

"झुडपं कापायचं. आणि ही पायजम्याची नाडी बघा, गुडघ्यापर्यंत लोंबतेय. आत खोचा तरी."

"मी काय वरातीला निघालोय? दहा मिनिटांचं काम आहे! मी शिकवलंय लोकांना, मला नको शिकवूस."

वहिनींनी आत जाऊन खिडक्या लावून घेतल्या, कारण यंत्राखालून खडे गोळीसारखे उडतात. हेही त्यांना साहेबांनीच शिकवलं होतं. साहेबांच्या प्रत्येक भाषणाची रंगीत तालीम स्वयंपाकघरात होत असे, आणि श्रोते दोनच: वहिनी आणि कुकर. कुकर मध्येच शिट्टी मारून मोकळा व्हायचा. वहिनींना ती सोय नव्हती. त्यामुळे भाषणं त्यांना तोंडपाठ होती.

त्या भाजी निवडायला बसल्या. निवडलेली देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात जात होती, कारण कान बाहेर होते. इंजिन घरघरत लांब जायचं, वळायचं, परत यायचं. परत आलं की त्या श्वास सोडायच्या. लांब गेलं की धरायच्या. धाकटा पुढच्या ओट्यावर कुणाशी तरी फोनवर खिदळत होता.

मग आवाज बदलला. घरघर जड झाली, काहीतरी करकरलं, ट्रॅक्टर थांबला. इंजिन मात्र चालूच होतं. वहिनी खिडकीशी धावल्या.

सीट रिकामी होती!

एक लाल चिंधी यंत्रापाशी फडफडत होती. म्हणजे तार अडकली होती, सांगितलेलीच तार. आणि साहेब मागच्या बाजूला वाकून, एक हात पुढे करून, ती ओढायला निघाले होते. दांडा गरगरत होता. त्याच्यापासून वीतभर अंतरावर नाडी झोके घेत होती.

"अहो!" वहिनी ओरडल्या. काच बंद. इंजिनापुढे त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही.

त्या धावल्या. पाय मागच्या बाजूला, नवऱ्याकडे ओढत होते. पण मागून दचकवलं तर माणूस तोल जाऊन यंत्रावरच पडतो, हे भाषण क्रमांक कुठलंतरी त्यांना आठवलं. त्या वळसा घालून पुढून गेल्या, ट्रॅक्टरवर चढल्या आणि काळी मूठ सगळ्या ताकदीनिशी ओढली.

इंजिन आचके देत गप्प झालं.

"बंद केलंस?" मागून गर्जना झाली. "आता चालू कोण करणार? तुझा बाप?" साहेब तावातावानं उभे राहायला गेले. आणि उभे राहता येईना.

थांबता थांबता दांड्यानं शेवटचे दोन-चार सुस्त वेढे घेतले होते, आणि त्यांत नाडी गुंडाळून घेतली होती. थकून झोपी जाणाऱ्या दांड्यानं! साहेबांनी नाडीकडे पाहिलं. मग हाताकडे. मग पुन्हा नाडीकडे. तोंडाचा रंग उतरला.

"हलू नका. कात्री आणते."

"हलतोय कुठे," साहेब पुटपुटले.

वहिनी कात्री घेऊन आल्या. त्या रडत होत्या आणि रागावतही होत्या. दोन्ही एकदम करण्याचा त्यांना संसारामुळे सराव होता. "काय म्हणायचात तुम्ही? 'यंत्राला तुमचं नाव, हुद्दा, अनुभव यांतलं काहीएक ठाऊक नसतं. त्याला फक्त लोंबणारी गोष्ट कळते.' माझी भाजी करपायची तरी ऐकायचे मी! आणि उद्या ती पोर दार उघडून आजोबा शोधायला धावली असती, तर काय दाखवलं असतं तिला? साफ झालेली जागा?"

साहेबांनी एकही सूचना न करता नाडी कापून घेतली. हे कारखान्यातल्या कुणाला सांगून पटलं नसतं.

धाकटा धावत आला, "बंद कुणी केला?" असं विचारायला. दादाचं तोंड पाहून त्यानं प्रश्न गिळला.

"आधी नवी बॅटरी आण," साहेब त्याला म्हणाले. "इंजिन बंद करायची भीती वाटते तो ट्रॅक्टर या दारात नको. कव्हर मी बसवतो. तोवर झुडपं राहू देत. उद्या दाराला कडी लावू. कडी लावताना कुणाचा हात तुटत नाही."

मंडळी, नियम आपण सगळेच जाणतो, आणि दुसऱ्यांना सांगताना तर आपल्याला कंठ फुटतो. पण खाली उतरायचं तर इंजिन बंद, दांड्यावर कव्हर, आणि जागा आधी पायी बघायची, हे सांगणाऱ्यालाही लागू आहे. यंत्रापुढे सगळेच नवशिके!

हे पटून साहेबांनी उजवा हात उंचावला, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "आजपासून मी प्रतिज्ञा करतो की..."

डावा हात मात्र कमरेशी घट्ट होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"अगं, ते राहू दे. एखादी पिन असेल तर दे आधी."